फाटकावरची झडती

नट काही सापडेना. साहेब गुडघ्यावर बसून मागाखाली चाचपत होता, गोऱ्या मानेवरून घाम ओघळत होता, आणि शेजारी ओणवा होऊन कोंडीबाही मन लावून शोधत होता. नट कोंडीबाच्या फेट्यात होता.

"न्हाय जी, हितं बी न्हाय," तो म्हणाला.

साहेबाने उठून हात झटकले. चिडला मात्र नाही. असला नट बाजारात मिळायचा नाही, लोहाराकडून घडवून आणावा लागे. म्हणजे आजचा दिवस गेलाच, उद्याचाही अर्धा गेला.

कोंडीबा गिरणीत बदली कामगार होता. कायमचा माणूस आजारी पडला किंवा गावी गेला, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरते काम. नाहीतर पहाटेच्या भोंग्याला फाटकाशी उभे राहायचे आणि ऊन वर आले की हात हलवत परत. बहात्तरच्या दुष्काळात केम गाव सोडून तो बायकोला घेऊन सोलापुरात आला, त्याला वर्ष होत आले होते. एवढ्या दिवसांत त्याला एकच काम नीट यायला लागले होते, उभे राहण्याचे. त्यानेही आता पाय दुखत.

अशात विलायतेहून जुने माग आले, सुटे करून लाकडी खोक्यांत भरलेले. ते जोडायला साहेबही आला. साहेबाच्या हाताखाली माणूस हवा होता आणि फाटकावर माणसे निवडणाऱ्या जॉबरचे बोट कोंडीबावर पडले. माग उभे राहीपर्यंत रोज काम! रंभाबाईने त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून डोळे पुसले, आणि ते काही धुरामुळे नव्हते.

पण कामात साहेबाचा हात भलताच भराभर चालायचा. पहिला माग बघता बघता उभा राहिला आणि कोंडीबाने उरलेली खोकी मोजली. अशाने महिन्याभरात पुन्हा फाटक. त्याच दिवशी पहिला नट फेट्यात गेला. सुटल्यावर फाटकावर झडती होई, खिसे बघत, कमर चाचपत, डबासुद्धा उघडायला लावत. पण माणसाच्या फेट्याला हात कोण घालणार? मारामारीच झाली असती. साहेबाला तर फाटकवाला नुसता सलाम ठोकायचा.

सोमवारी मागाच्या दोन पिना हरवल्या, त्या मात्र कोंडीबाने घेतल्या नव्हत्या. खरोखरच गेल्या कुठेतरी. देवाला आपली दया आली असे समजून त्याने मनातल्या मनात हात जोडले.

टाइमकीपर गुरुसिद्धप्पाला इंग्रजी यायचे. साहेबाचे बोलणे तोच समजावून सांगायचा.

"हे माग साहेबाच्याच गिरणीतले हायत की," तो एकदा म्हणाला. "तरुणपणी ह्याच्यावरच काम करत होता म्हणे."

"आन् आता सायेब झाला! नशीब लागतं."

"त्यांच्याकडं काम नसलं तरी सरकार घरी पैसे देतंय म्हणं."

"लई गाढ झोप लागत असंल तितल्या मानसास्नी," कोंडीबा म्हणाला. त्याला स्वतःला रात्र रात्र डोळा लागत नव्हता.

बुधवारी शेडच्या दाराशी रडारड ऐकू आली. झाडूवाली काशम्मा होती. सुटे भाग केरात जातात, असे म्हणून मॅनेजरने तिला शनिवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितले होते.

"अय्यो, मी काय केलो हो? झाडू मारलो, दुसरं काय केलो?"

कोंडीबा मान खाली घालून मागाला तेल देत राहिला.

घरी रंभाबाईने ऐकून घेतले. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले.

"तिच्या ताटातली काडून आपल्या ताटात घ्याची व्हय? माज्या तर घशाखाली न्हाय उतरायची."

"मग पुना फाटकावर उबा ऱ्हाऊ?"

"ऱ्हावा की. ऱ्हात व्हताच न्हवं?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामे झाले. कोंडीबाने गुरुसिद्धप्पाला थांबवून घेतले, साहेबापुढे फेटा सोडला आणि घरून परत आणलेले नट खोक्यावर ठेवले.

"हे मी घेतलं. माग उबं ऱ्हायलं की माजं काम संपलं, म्हून घेतलं. मला काडा, पर काशम्माला काडू नका."

गुरुसिद्धप्पाने खाली बघत ते इंग्रजीत सांगितले. साहेबाने एक नट उचलून बोटांत फिरवला. आता कानफटात बसणार, म्हणून कोंडीबाने अंग आवळून धरले. साहेब हळूच काहीतरी बोलला. गुरुसिद्धप्पा उठला आणि शेडचे दार लावून आला.

साहेब पुन्हा बोलू लागला. गुरुसिद्धप्पा अडखळत सांगत होता. "म्हणतोय... त्याची गिरणी बंद पडली. माग विकले. हे जोडायचं तेवढं काम मिळालं त्याला. हे झालं की तिकडं कुणी फाटकात उभं करत न्हाई म्हणतोय, ह्या वयात."

"पर सायेब, तुमचं सरकार..."

साहेब मान हलवत खोक्यावर बसला. वाकून त्याने उजव्या पायाचा बूट काढला आणि उलटा केला. दोन पिना फरशीवर पडल्या, त्यांच्यामागून एक छोटे दातेरी चाक. पिना सोमवारच्या होत्या. चाक अजून हरवलेले नव्हते. ते उद्या जोडायच्या मागाचे होते.