खराटा

वणवा डोंगराच्या अर्ध्यावर उतरला तेव्हा पुष्पाबाईंनी गाय-वासराची दावी सोडली आणि दोघांनाही अंगणापलीकडच्या लहान तळ्याकडे, बोडीकडे हाकललं.

"साधना वो! पाहत काय उभी राहिली? सिलिंडर काढ बाहेर. बोडीत नेऊन टाक."

साधनानं गॅसचं सिलिंडर आडवं पाडलं आणि अंगणातून गडगडत नेलं. बोडीत गुडघाभरच पाणी उरलं होतं. सिलिंडर त्यात ढकलून ती वळली आणि तिची नजर पुन्हा वर गेली. धूर जिथून सुरू झाला होता ती जागा आता काळी पडली होती. तिथं त्यांचं मोहाचं झाड होतं.

सकाळी सहा वाजता तिनंच तिथं काडी ओढली होती. खालचा पाचोळा जाळला की गळलेली फुलं काळ्या जमिनीवर उठून दिसतात, वेचायला सोपी जातात. सगळं गाव असंच करतं. पण त्याआधी झाडाभोवती खराट्यानं गोल झाडून घ्यायचा, माती उघडी पडेपर्यंत. आग तो गोल ओलांडत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच चैतात सासूनं हे हाताला धरून शिकवलं होतं. आज नवऱ्याला, प्रफुल्लला, चिखल्याच्या खाणीवर लवकर निघायचं होतं, त्याचा डबा व्हायचा होता. एवढ्याशा कामाला खराटा कशाला, असं तिला वाटलं. रात्रीच्या गारव्यानं पाचोळा मऊ पडला होता, नुसता धुमसत होता. तिनं तो पायानं विझवला आणि ती उतरली. दुपारी वारा सुटला.

वणवा चढावर पळतो, उतारावर रांगतो. आज मात्र वारा त्याला मागून ढकलत होता.

"लाइन गेली. मोटर चालत नाही, आई."

"टाकीत किती आहे?"

"अर्धी असंल."

"मग तणसावर ओत सगळं. छपराच्या कवेलूवर नको. कवेलू काय जळते?"

भाताच्या तणसाचा ढिगारा घराला लागूनच होता. साधना बादल्या ओतत राहिली. पाणी वरवर भिजवून निथळलं, आत तणस कोरडंच राहिलं. पुष्पाबाई गोठ्याकडे गेल्या आणि दोन खराटे घेऊन आल्या. एक त्यांनी सुनेपुढे धरला.

"घराभोवती गोल झाड. चार हात रुंद. तू इकडून, मी गोठ्याकडून." मग जरा थांबून म्हणाल्या, "सकाळपासून गोठ्यालेच टेकून होता हा."

साधनानं वर पाहिलं. सासू केव्हाच पाठ फिरवून झाडू लागली होती.

खालच्या गल्लीतला मंगरू पळसाच्या ओल्या डहाळ्या घेऊन धावत आला. साठीचा माणूस, पायात चप्पल नव्हती.

"काय वैनी, पाहुणे येऊन राहिले का? अंगण झाडणं चालू आहे!"

"आले पाहुणे! हे पाहाय, दारातच आहेत."

कुणी हसलं नाही. सागाची जळती पानं उडत येऊ लागली होती. एक तणसावर पडलं. साधनानं ते हातानंच उचलून फेकलं. आग झाडलेल्या गोलापाशी आली, उघड्या मातीशी थबकली आणि आडवी पसरू लागली. दोघी पान पडेल तिथं धावत होत्या. मंगरू गोलाच्या पलीकडे उभा राहून डहाळीनं आग झोडपत होता. त्याच्या उजव्या हातावरची कातडी कोपरापर्यंत लाल झाली, पण तो मागं सरला नाही.

पाऊण तासानं आग बोडीच्या काठाला जाऊन मेली. घर उभं होतं. तणस उभं होतं. डोंगर काळा होता.

मंगरू पायरीवर बसला. "माहे तीन झाडं होते वरतं. फुलं आता कुठं टपकू लागले होते. यंदाचा मोह गेला, वैनी. माहा एकट्याचाच नाही, साऱ्या गावाचा गेला."

पुष्पाबाईंनी खराटा गोठ्याला टेकवला, रांजणातून तांब्या भरला आणि साधनाच्या हातात दिला.

"हे आपल्या माणसाचं काम नव्हे," मंगरू सांगत होता. "आपला माणूस गोल झाडल्याबिगर काडी लावते का? काल मध्यप्रदेशातून मोह वेचाले येते त्या केवळरामले डोंगरावर पाहिलं मी. संध्याकाळी फॉरेस्टचा गार्ड येईन, त्याले त्याचंच नाव सांगतो. जाऊ दे साल्याले जेलात."

साधनानं तांब्या पुढे केला. त्यानं भाजलेला हात टाळून डाव्या हातानं घेतला.

"देव भलं करो, सूनबाई."

तिनं सासूकडे पाहिलं. पुष्पाबाई उंबऱ्यात बसून पदरानं कपाळ पुसत होत्या.

"काकाजी, केवळरामचं नाव नका घेऊ," साधना म्हणाली. "सकाळी मी वरतं गेली होती. खराटा घरीच राहिला."

तांब्या मंगरूच्या ओठांपाशीच थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. गोठ्याला टेकलेल्या खराट्याकडे मात्र तो बराच वेळ पाहत राहिला.