अडकलेलं काडतूस

बेचाळीसच्या चळवळीतल्या ज्ञानूनं ओढ्याकाठी खिशातलं जुनं विलायती पिस्तूल सख्ख्या मामावर रोखलं. मामानं भूमिगतांचा ठिकाणा पोलिसांना सांगितला होता. ज्ञानूनं चाप ओढला, पण काडतूस अडकलं.

पहिल्या महायुद्धात बसऱ्याला लढून आलेल्या मामानं पिस्तूल काढून घेतलं. आता आपणच मरणार, ज्ञानूला वाटलं. मामानं मात्र वरचा भाग खटकन मागं ओढून अडकलेलं काडतूस पाडलं, नवं चढवलं आणि पिस्तूल परत दिलं.

"माझ्या पोराला कोठडीत उलटं टांगलं होतं रं, म्हणून बोललो. तुझे दोन सोबती गेले. मार आता. तुझ्या आईला तेवढं सांग, पोलिसांनी मारलं."

ज्ञानूनं गोळी झाडली.

आई मरेपर्यंत पोलिसांना शिव्याशाप देत राहिली. भावाच्या आठवणीनं हुंदका आला की ती ज्ञानूच्याच खांद्यावर डोकं टेकायची.