घैसासबाईंचा प्रोग्राम

"सर, हे घैसास कोण?" ज्युनिअरने विचारलं.

नोकरी सोडून गेलेल्यांच्या नावाने सर्व्हरवर अजून चालू असलेले प्रोग्राम शोधून बंद करणारी स्क्रिप्ट आम्ही लिहिली होती. यादीत एकच नाव आलं.

घैसासबाई माझ्या पहिल्या बॉस. रोज दीडला माझ्या स्क्रीनवर त्यांची ओळ यायची, 'डबा खाल्लास का?' मला वाटायचं, बाई आठवणीने टाइप करतात. त्या निवृत्त झाल्या, माझं मशीन बदललं, ओळ थांबली.

मी त्यांचा प्रोग्राम उघडला. भंगारात गेलेल्या माझ्या जुन्या मशीनला तो अकरा वर्षं रोज दीडला तेच विचारत होता.

"मग बंद करू?"

"नको. स्क्रिप्टमध्ये अट घाल, घैसास सोडून. आणि प्रोग्रामात माझ्या आताच्या मशीनचा पत्ता टाक."