हलू नकोस

वहिनीच्या पायाला भिंगरी होती. एका जागी टिकायची नाही, त्यामुळे लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा तिचा चेहरा पुसटच आलाय.

गेल्या वर्षी याच धबधब्यापाशी दादानं तिला काठावरच्या कातळावर उभं केलं आणि कॅमेऱ्यामागून ओरडून सांगितलं, "मी सांगेपर्यंत हलू नकोस." त्यानं बटण दाबायच्या आत तिचा पाय घसरला. दुसऱ्या दिवशी तिला खालच्या डोहातून बाहेर काढलं.

यंदा तो पुन्हा तिथेच निघाला, म्हणून मीही सोबत गेलो. वाटेत त्यानं खंड्याचे, माकडांचे फोटो काढले, चार शब्द बोललाही. धबधब्यासमोर पोचताच त्याच कातळाच्या रोखानं स्टँड लावला.

"दादा, गर्दी फार आहे रे. फोटोत सगळी माणसंच येतील."

"नाही येणार. तीस सेकंदांचा फोटो आहे. हलणारं काही त्यात उरत नाही. जे अगदी स्थिर असतं, तेवढंच येतं."

फोटो आला. पाण्याचं दूध झालं होतं. डुंबणारे, सेल्फी काढणारे सगळे पुसले गेले होते. कातळावर फक्त वहिनी उभी होती. कानातल्या डुलापर्यंत स्पष्ट, जराही न हललेली.

मी झटकन समोर पाहिलं. कातळ रिकामा होता. दादाही तिकडेच बघत होता. तो हळूच म्हणाला,



"झाला गं फोटो. आता हललीस तरी चालेल."