पंधराचा डबा

"तेल गेलं कुठं?" अण्णाराव इतक्या जोरात ओरडले, की ओसरीच्या टोकाला बसलेल्या बहिऱ्या गुरम्मानंही मान वर केली.

निलंग्याकडच्या त्या गावात, दुष्काळाच्या दिवसांत, शाळेच्या ओसरीवर साठ लेकरांचा स्वयंपाक व्हायचा. रांधायची साखराबाई. अण्णाराव तपासणीला आलेले कारकून. त्यांच्या हातात नव्या लातूर जिल्ह्याचा शिक्का असलेला कागद होता. लेकरामागं रोज दहा ग्रॅम तेल, पंधराचा डबा पंचवीस दिवस. आणि डब्याला तेविसाव्याच दिवशी तळ लागला होता.

"चोरी आहे ही. उद्यापासून दुसरी बाई बघतो."

बायका ताटल्या घेऊन उभ्या होत्या. साखराबाईनं पदराला हात पुसले.

"रोज तोलून घातलंय, साहेब. सहाशे ग्रॅम. बसलिंगप्पाच्या दुकानाचा तराजू हितंच हाय. डब्यावर काय लिव्हलंय, वाचा की."

"पंधरा लिटर."

"आन् कागदात?"

"पंधरा किलो. एकच की ते!"

साखराबाई हसली. "शेर हुता तवाबी लई जण असेच फसायचे. मापाचा शेर येगळा, वजनाचा येगळा. शेर गेला, फसणं तेवढं ऱ्हायलं."

तिनं लिटरचं रिकामं माप एका पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्यात मापाच्या वजनाइतके खडे टाकून धडा केला. दांडी सरळ झाल्यावर घागरीतलं पाणी मापात काठोकाठ ओतलं, खड्यांशेजारी किलोचं वजन ठेवलं. दांडी पुन्हा सरळ.

पाणी तिनं थेंबही न सांडता घागरीत परत केलं. त्या साली पाणी सांडणाऱ्या बाईला गाव नाव ठेवायचं. मग माप कोरडं पुसून अण्णारावांनी आणलेल्या नव्या डब्यातलं तेल तितकंच काठोकाठ भरलं. तेलाचं पारडं वर गेलं. तिनं मापाशेजारी पन्नासाचं वजन ठेवलं, मग विसाचं, मग आणखी एक विसाचं. आता कुठं दांडी सरळ झाली.

"लिटरमागं नव्वद ग्रॅम कमी. पंधरा लिटरला किती, ते तुमीच करा. शिकलेले हाव."

अण्णारावांचे ओठ हलले. "तेराशे पन्नास," ते पुटपुटले. "सव्वादोन दिवसांचं."

"पणतीत पाणी घालून वर तेल सोडताव आपण. हलकं हाय म्हणून तर तरंगतं. घरी दिवा लावत न्हाईत व्हय तुमच्या?"

बायकांत हसू पसरलं.

"मग ते सव्वादोन दिवसांचं तेल..."

"ते कागदात हुतं, साहेब. डब्यात नव्हतंच."

अण्णारावांनी पेन काढलं. पंचवीस खोडून बावीस लिहिलं. कागदाची घडी खिशात घातली.

"चोरी झालेली नाही," ते स्वतःच्या चपलांकडं बघत म्हणाले आणि पायरी उतरू लागले.

"काय म्हनला गं त्यो?" गुरम्मानं कानामागं हात धरून विचारलं.

साखराबाईनं चुलीत काटकी सरकवली.

"साहेब," ती म्हणाली, "गुरम्माला ऐकू आलं न्हाई."