कोशाला वास नसतो

उजाड वारुळातून आणलेले पांढरे कोश हेमांगीने कुंचल्याने अलगद आपल्या पाळीव मुंग्यांच्या काचपेटीत सोडले. मुंग्यांनी ते लगबगीने आत नेले.

“कोशाला कुठल्याच घराचा वास नसतो, म्हणून तो परका वाटत नाही,” ती लेकीला, चार्वीला, म्हणाली.

कोशांबरोबर चुकून एक मोठी मुंगीही आली होती. तिचे मुंग्यांनी तुकडे केले.

चार्वी बघत राहिली. “आई, शेजारच्या वस्तीचा हवा धरून ठेवणारा घुमट फुटला, तेव्हा आपल्या लोकांनी फक्त तान्ही बाळं आपल्या घुमटात घेतली ना? मोठी मुलं बाहेरच ठेवली?”

“हो गं. तू एवढीशी होतीस.”

“मग तिथली आई मला कशी आठवते?”

हेमांगीने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. पण विरजण मागायला दारात आलेली शेजारीण रिकामी वाटी घेऊन उलट पावली निघाली होती.