वाफाऱ्याचा दगड

घमेल्यातल्या पाण्याला वाफ फुटत होती आणि त्याच्या तळाशी मनस्वीचा दगड पडला होता.

"आई, हा दगड कुठून घेतलास?"

"तुज्या टेबलावरचा," भागीरथीने गोधडीतून डोकं बाहेर काढलं. सर्दीने आवाज पार घोगरा झाला होता. "चुलीत लाल केला नि पान्यात टाकला. झ्याक वाफारा मिलाला बग. छाती मोकली झाली."

मनस्वी घमेल्यावर वाकली. जासईच्या खाणीत काळ्या दगडाची एक उभी शीर होती. ती भोवतालच्या खडकापेक्षा पुष्कळ तरुण आहे, असं मनस्वी दोन वर्षं सांगत होती आणि मोठमोठी माणसं हसत होती. आता खाण फोडून सगळा दगड बंदराच्या भरावात गेला होता. शिरेचा धड असा हा एवढाच तुकडा उरला होता. वर्षभर वाट पाहून परगावच्या प्रयोगशाळेत त्याचा नंबर लागला होता, आणि तो न्यायला तिचे भूशास्त्राचे कासिम सर घरातून निघालेही असतील.

असल्या दगडातलं थोडं पोटॅशियम युगानुयुगं मोडत राहतं आणि त्याचा वायू दगडातच कोंडून पडतो. वायू जितका जास्त, तितकं दगडाचं वय जास्त. पण दगड लाल होईस्तोवर तापवला की वायू निसटतो, आणि म्हातारा दगड तरुण ठरतो.

तरुण! ते तिच्या डोक्यात जरा उशिराच शिरलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. प्रयोगशाळेतलं वय मोजणारं यंत्र आता तिच्याच बाजूने बोलणार होतं. या विचाराची तिला भीती वाटली, तरी हात घमेल्यात गेलाच. चटका सोसत तिने दगड काढला, पदराने खसाखसा पुसला.

बाहेर जीप थांबली.

"सरांना यातलं काही बोलू नकोस."

"का गो? माजं काय चुकलं?"

"काही नाही. तू फक्त गप्प राहा."

कासिम सर उरणचे, भागीरथीला घरच्यासारखे. सगळे हसले तेव्हा भरसभेत मनस्वीच्या बाजूने एकटे तेच उभे राहिले होते. "आज बसा म्हणू नका भागीरथीबाई, गाडी चुकेल माझी," दारातूनच ते म्हणाले. मनस्वीने दगड पुढे केला. तो हातात घेऊन ते थबकले.

"गरम कसा हा?"

"गच्चीवर होता. उन्हात."

सरांनी भागीरथीकडे पाहिलं. खोटं बोललं तर देवी कोपते, म्हणून भांडणातसुद्धा खरंच बोलणारी ती बाई. तिने लेकीच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं.

"हा, उनातच व्हता," ती म्हणाली. "मीच ठेवलेला."

"मग ठीक आहे." आईचा शब्द म्हटल्यावर सरांनी पुढे काही विचारलं नाही. दगड पिशवीत गेला, सर जीपमध्ये बसले, इंजिन घरघरलं. मनस्वीला आईकडे बघवेना. ती धावत सुटली आणि जीपचा दांडा घट्ट धरून उभी राहिली.

"सर, तो तापवलाय. चुलीत, अगदी लाल होईपर्यंत."

सर तिच्याकडे वळले. "दुसरा तुकडा?"

"नाही."

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. पिशवी त्यांनी हळूच तिच्या हातात दिली.

भागीरथी पायरीपर्यंत आली होती. तिचे डोळे भरून आले होते.

"मंग मना खोटं कशाला बोलाला लावलंस गो?"